पुण्यातली पहिली नोकरी आणि आयकराचे टप्पे: आधी हिशोब, मग गुंतवणूक

‘पगार वाढला तर मी वरच्या स्लॅबमध्ये जाईन आणि हातात उलट कमी येईल.’ हिंजवडी किंवा खराडीत नुकत्याच रुजू झालेल्या मुलामुलींच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. एका अरुंद पट्ट्याचा अपवाद सोडला तर ते खरं नाही. तो पट्टा पुढे नीट पाहू, कारण पुण्यातल्या तीन-चार वर्षं अनुभवाच्या अनेकांचा पगार नेमका तिथेच येऊन थांबतो.

इथले सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या कमाईचे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलतात आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ हा शब्द येतो. हिशोबाची रीत मात्र तीच राहते.

पहिली पायरी: सीटीसी बाजूला ठेवा

सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च. कर त्यावर लागत नाही. ऑफर लेटरवरच्या आकड्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते, आणि ती दरमहा हातात येत नाही. एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू.

सीटीसी १६,२६,०७५ रुपये. त्यातला कंपनीचा पीएफ ९०,००० आणि ग्रॅच्युइटी ३६,०७५. ते वजा केल्यावर एकूण पगार उरतो १५,००,००० रुपये, महिन्याला १,२५,०००. यातला मूळ पगार, म्हणजे बेसिक, निम्मा आहे: महिना ६२,५००. तुमच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे ७,५०० रुपये, दरमहा कापला जातो. महाराष्ट्राचा व्यवसाय कर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. (महिलांचा पगार महिना २५,००० पर्यंत असेल तर हा कर लागत नाही.) टीडीएस, म्हणजे कंपनी पगारातूनच कापून सरकारकडे भरते तो कर, किती असेल ते पुढच्या पायरीत येईल.

ऑफर हातात आली की एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा: बेसिक किती, बदलता पगार म्हणजे व्हेरिएबल किती, आणि कंपनीचा पीएफ सीटीसीच्या आत धरलाय की बाहेर. व्हेरिएबल मिळेल त्या वर्षी तो पूर्ण करपात्र असतो. मार्चमध्ये मोठा बोनस आला की त्या महिन्याचा टीडीएस एकदम फुगतो, तो यामुळेच.

दुसरी पायरी: टप्पे नीट वाचा

कर मोजायच्या दोन प्रणाली आहेत, जुनी आणि नवी. त्यांची तुलना चौथ्या पायरीत करू. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी करपात्र उत्पन्नावरचे दर असे:

४ लाखांपर्यंत काही नाही
४ ते ८ लाख: ५ टक्के
८ ते १२ लाख: १० टक्के
१२ ते १६ लाख: १५ टक्के
१६ ते २० लाख: २० टक्के
२० ते २४ लाख: २५ टक्के
२४ लाखांच्या वर: ३० टक्के

हे रिक्षाच्या मीटरसारखं आहे. पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ठरलेलं असतं आणि पुढच्या अंतराला वेगळा दर लागतो. दीड किलोमीटर ओलांडला म्हणून आधीचं भाडं बदलत नाही. करातही वरचा दर फक्त त्या टप्प्यात पडणाऱ्या रुपयांना लागतो.

पगारदाराला नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. तिला कुठलीही पावती लागत नाही. आपल्या उदाहरणात १५,००,००० मधून ती वजा केली की करपात्र उत्पन्न १४,२५,००० राहतं. ४ ते ८ लाखांवर २०,०००, ८ ते १२ लाखांवर ४०,००० आणि उरलेल्या २,२५,००० वर १५ टक्क्यांनी ३३,७५०. बेरीज ९३,७५०. त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे सेस, ३,७५०. एकूण कर ९७,५०० रुपये, म्हणजे दरमहा ८,१२५ टीडीएस.

आता हातात येणारा पगार काढा: १,२५,००० मधून ७,५००, २०० आणि ८,१२५ वजा केले की १,०९,१७५ रुपये. सीटीसीला बाराने भागलं तर १,३५,५०६ येतात. पहिल्या पगाराच्या दिवशी ‘इतके पैसे गेले कुठे’ असं वाटतं, त्याचं उत्तर या फरकात आहे. घरभाडं आणि गाडीचा हप्ता ठरवताना १,०९,१७५ हाच आकडा समोर ठेवा.

तिसरी पायरी: बारा लाखांची रेषा समजून घ्या

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे रिबेटमुळे, म्हणजे निघालेल्या करातल्या माफीमुळे, होतं. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर टप्प्यांप्रमाणे निघालेला कर, जास्तीत जास्त ६०,००० रुपये, कलम ८७ए खाली माफ होतो. प्रमाणित वजावट धरून पगारदारासाठी ही रेषा १२,७५,००० ला जाते. पण ही सूट सगळ्या उत्पन्नाला नाही. शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंड वर्षाच्या आत विकून नफा झाला तर त्यावर २० टक्के विशेष दर लागतो आणि तो कर रिबेटने माफ होत नाही. तुमचा करपात्र पगार ९ लाख आणि असा नफा ४०,००० असेल, तर पगारावर शून्य कर, पण नफ्यावर ८,००० आणि उपकर ३२०. मोबाइलच्या ॲपवर शेअरची खरेदी-विक्री करणाऱ्या नवख्यांची इथेच चूक होते: ‘बारा लाखांच्या आत आहे’ म्हणून हा नफा ते विवरणपत्रात दाखवतच नाहीत. एक वर्षाहून जास्त ठेवून विकलेल्या इक्विटीचा नफा वर्षाला १,२५,००० पर्यंत करमुक्त असतो, त्यापुढे १२.५ टक्के.

आता तो अरुंद पट्टा. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या थोडं वर गेलं की रिबेट पूर्ण जातो. दहा हजारांच्या वाढीवर एकदम साठ हजारांचा कर बसू नये म्हणून कायद्यात एक सवलत आहे, तिला मार्जिनल रिलीफ म्हणतात. १२ लाखांच्या वर जितके रुपये, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. करपात्र १२,१०,००० असेल तर टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० निघतो, पण घेतला जातो १०,०००, वर उपकर ४००. ही सवलत करपात्र १२,७०,५८८ च्या आसपास संपते. पगाराच्या भाषेत हा पट्टा वर्षाला १२,७५,००० ते सुमारे १३,४५,००० असा आहे.

या पट्ट्यात वरचा प्रत्येक रुपया करात जातो, आणि उपकर धरला तर चार पैसे जास्तच. दहा हजारांचं मुदतठेवीचं व्याज मिळालं की कर १०,४०० ने वाढतो. हातात खरोखर कमी येतं ते फक्त इथे.

उपायही आहे, आणि नवख्यांना तो फारसा कुणी सांगत नाही. कंपनीने तुमच्या एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या, खात्यात भरलेली रक्कम, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत, नव्या प्रणालीतही वजा होते. एकूण पगार १३,२०,००० धरा. करपात्र १२,४५,०००, कर ४५,००० आणि उपकर १,८००, म्हणजे ४६,८००. बेसिक ६,६०,००० असेल तर १४ टक्क्यांची मर्यादा ९२,४०० होते. पगारातले ४५,००० रुपये कंपनीमार्फत एनपीएसमध्ये वळवले की करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाखांवर येतं आणि कर शून्य होतो. पंचेचाळीस हजार स्वतःच्या नावावर साठतात आणि ४६,८०० चा कर वाचतो. अट एकच: पैसे कंपनीच्या खात्यातून, पगाररचनेचा भाग म्हणून गेले पाहिजेत. तुम्ही स्वतः एनपीएसमध्ये भरलेल्या पैशांना नव्या प्रणालीत वजावट नाही. आणि हे पैसे मुख्यतः साठीपर्यंत अडकतात, म्हणून गरजेपुरतेच वळवा. बऱ्याच कंपन्या हा पर्याय वर्षाच्या सुरुवातीला, ठरावीक दिवसांतच खुला ठेवतात. एप्रिलमध्येच विचारा.

चौथी पायरी: जुनी प्रणाली की नवी

काही कळवलं नाही तर कंपनी नवी प्रणाली धरते. जुन्या प्रणालीचे टप्पे असे: अडीच लाखांपर्यंत शून्य, पाच लाखांपर्यंत ५ टक्के, दहा लाखांपर्यंत २० टक्के, त्यापुढे ३० टक्के. दर चढे आहेत, पण वजावटी बऱ्याच मिळतात. नव्या पुणेकराच्या कामाच्या तेवढ्याच सांगतो.

घरभाडे भत्ता, म्हणजे एचआरए. तीन रकमांपैकी सगळ्यात लहान रक्कम करमुक्त असते: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, बेसिकच्या ४० टक्के, किंवा भरलेलं भाडं वजा बेसिकच्या १० टक्के. २०२५-२६ साठी ५० टक्क्यांची सोय मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना आहे. पुण्याचं भाडं कितीही चढलं तरी या हिशोबात पुणे ४० टक्क्यांतच. आपल्या उदाहरणात वाकडला भाडं महिना २२,०००, वर्षाचे २,६४,०००. त्यातून बेसिकचे १० टक्के, ७५,०००, वजा केले की १,८९,००० राहतात. मिळालेला भत्ता आणि ४० टक्क्यांची मर्यादा दोन्ही ३,००,००० असतील, तर सूट १,८९,००० ची.

८०सी, म्हणजे ठरावीक बचतीला वजावट देणारं कलम. त्याची मर्यादा दीड लाख. तुमच्या वाट्याचा पीएफ, ९०,००० रुपये, यात आधीच मोजला जातो. म्हणजे उरतात साठच हजार. पीएफ विसरून आणखी दीड लाखाची पॉलिसी घेतलेले लोक कमी नाहीत, आणि त्यातले नव्वद हजार करासाठी वाया जातात. आरोग्य विम्याच्या हप्त्याला २५,००० पर्यंत वजावट, आईवडिलांसाठी वेगळे २५,०००, ते साठीपुढचे असतील तर ५०,०००. प्रमाणित वजावट इथे ५०,०००, आणि व्यवसाय कराचे २,५०० ही वजा होतात.

आता बेरीज करा. १५,००,००० मधून ५०,०००, २,५००, १,८९,०००, १,५०,००० आणि २५,००० वजा. करपात्र १०,८३,५००, कर १,३७,५५०, उपकर धरून १,४३,०५२. नव्या प्रणालीत हाच कर ९७,५०० होता. सगळ्या पावत्या गोळा करूनही जुनी प्रणाली ४५,५५२ रुपयांनी महाग पडली.

पंधरा लाख पगारावर जुनी प्रणाली बरोबरीला यायची असेल तर प्रमाणित वजावट धरून सुमारे ५,९४,००० च्या वजावटी हव्यात. २४,७५,००० पगाराला हा आकडा ८,५०,००० होतो. भाड्याच्या घरात राहणारे आणि गृहकर्ज नसलेले तरुण इथपर्यंत सहसा पोचत नाहीत. मोठं भाडं, गृहकर्जाचं दोन लाखांपर्यंतचं व्याज आणि ज्येष्ठ आईवडिलांचा विमा हे सगळं एकत्र असेल तरच जुन्या प्रणालीचा हिशोब करून बघा. त्यातही एक अडचण आहे: ताबा न मिळालेल्या फ्लॅटच्या कर्जाचं व्याज त्या वर्षी वजा होत नाही. ताबा मिळाल्यावर ते पाच समान हप्त्यांत मिळतं, तेही त्याच दोन लाखांच्या मर्यादेत.

पगारदाराला ही निवड दर वर्षी बदलता येते. कंपनीला एप्रिलमध्ये एक सांगितलं आणि विवरणपत्र भरताना दुसरं निवडलं तरी चालतं, फक्त मुदतीच्या आत. मुदत उलटली की नवीच प्रणाली. फ्रीलान्स किंवा धंद्याचं उत्पन्न असलेल्यांना मात्र अशी दर वर्षी ये-जा करता येत नाही. एकदा जुनीत जाऊन परत नवीत आलात, तर धंदा चालू असेपर्यंत जुनीचं दार बंद.

भाड्याची कागदपत्रं

जुनी प्रणाली घेणार असाल तरच एचआरएसाठी पावत्या लागतात, पण करार सगळ्यांनाच लागतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. नुसता नोटरी केलेला अकरा महिन्यांचा कागद पुरत नाही. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,००० रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत मिळणाऱ्या अनामतीवरचं मानीव व्याजही धरतात. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. करार करतानाच तो मागून घ्या, जानेवारीत मालक फोन उचलेलच असं नाही. भाडं बँकेतून किंवा यूपीआयने द्या. मित्रांबरोबर फ्लॅट घेतला असेल तर करारात सगळ्यांची नावं हवीत आणि प्रत्येकाने आपल्याच वाट्याची सूट घ्यावी. महिना ५०,००० च्या वर भाडं असेल तर भाडेकरूने स्वतः २ टक्के टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. हे न करणाऱ्यांना नोटिसा येतात.

पाचवी पायरी: नोकरी बदलली असेल तर इथे थांबा

पुण्यात दोन वर्षांत नोकरी बदलणं नेहमीचं, आणि कराच्या सगळ्यात मोठ्या चुका याच काळात होतात. एप्रिल ते सप्टेंबर महिना एक लाख, ऑक्टोबरपासून दुसरीकडे महिना १,६०,००० असं धरा. पहिल्या कंपनीने वर्षाचा अंदाज बारा लाख धरला, प्रमाणित वजावट दिली, रिबेटमुळे टीडीएस शून्य. दुसरीला मागचं काही सांगितलंच नाही, म्हणून तिने फक्त आपले ९,६०,००० मोजले. तिथेही शून्य. बारा महिने पूर्ण पगार हातात आला.

जुलैत विवरणपत्र भरायला बसल्यावर बेरीज १५,६०,००० होते. वजावट एकदाच, ७५,०००. करपात्र १४,८५,०००, कर १,०२,७५०, उपकर धरून १,०६,८६०. तो एकरकमी भरायचा, वर आगाऊ कर, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर, भरला नाही म्हणून २३४बी आणि २३४सी या कलमांचं व्याज, जुलैपर्यंत साडेनऊ हजारांच्या पुढे.

म्हणून नव्या कंपनीत रुजू होताच मागच्या पगाराचा आणि कापलेल्या टीडीएसचा तपशील द्या. २०२५-२६ पर्यंत त्यासाठी १२बी नावाचा फॉर्म आहे. तो राहून गेला असेल तर १५ मार्चच्या आत आगाऊ कर पोर्टलवर स्वतः भरा, व्याज बरंच कमी होईल. आणि जुना पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढलेला पीएफ करपात्र ठरतो.

सहावी पायरी: उरलेला पगार कसा लावायचा

नव्या प्रणालीत बसणाऱ्याला ‘टॅक्स सेव्हिंग’ नावाखाली काहीही विकत घेण्याची गरज नाही. जानेवारी-फेब्रुवारीत बँकेतून आणि ओळखीच्या एजंटकडून फोन येतील. त्यांना एकच प्रश्न विचारा: ‘मी नव्या प्रणालीत आहे, मला यात किती कर वाचेल?’ उत्तर शून्य असतं. विमा आणि बचत एकत्र बांधलेल्या पॉलिसीत पंधरा-वीस वर्षं अडकणं हे नोकरीच्या पहिल्या वर्षातलं सगळ्यात महाग पडणारं काम आहे.

हातातल्या १,०९,१७५ मध्ये भाडं धरून खर्च ५५,००० होत असेल, तर आधी तीन आणि मग सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे ३,३०,०००, बाजूला साठवा. ही रक्कम मुदतठेवीत ठेवायला हरकत नाही. १५ टक्क्यांच्या टप्प्यात ७ टक्के व्याजाचे कर जाऊन साधारण ५.९ उरतात, पण हा पैसा वाढवायचा नसून वेळेला हाताशी असायला हवा. वर्षाचं व्याज ५०,००० ओलांडलं की बँक १० टक्के टीडीएस कापते. त्याच्या आत असलं तरी व्याज करपात्रच असतं, विवरणपत्रात दाखवायचंच.

त्यानंतर स्वतःचा आरोग्य विमा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, आणि दोन नोकऱ्यांच्या मधल्या महिन्यात दुखणं विचारून येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. घरचे तुमच्या पगारावर अवलंबून असतील तर साधी टर्म पॉलिसी, म्हणजे बचत न जोडलेला निव्वळ आयुर्विमा, घ्या. या दोन्हीनंतर लांबचा पैसा. पीपीएफमध्ये भरलेल्या रकमेला नव्या प्रणालीत वजावट नाही, पण त्याचं व्याज मात्र दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे.

गावाकडे आईवडिलांना पैसे पाठवत असाल तर निर्धास्त पाठवा. त्यांना दिलेल्या रकमेवर कर नाही, आणि त्यांनी त्याची ठेव केली तर व्याज त्यांच्याच उत्पन्नात धरतात. बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावावर ठेव केली तर मात्र व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं.

सातवी पायरी: विवरणपत्र

१५ जूनपर्यंत कंपनीकडून फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या टीडीएसचा दाखला, मिळतो. आयकर पोर्टलवर जाऊन २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता, आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवा आणि फॉर्म १६ शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहा. पहिल्या वर्षी हमखास राहतं ते बचत खात्याचं व्याज आणि शेअरचा नफा. फक्त पगार आणि व्याज असेल तर आयटीआर-१ पुरतो. वर्षाच्या आत शेअर विकून नफा झाला असेल तर तो चालत नाही, आयटीआर-२ लागतो. चुकीचा फॉर्म भरला तर विवरणपत्र सदोष ठरवून परत करतात.

पोर्टलवर कंपनीचा ईमेल देऊ नका. नोकरी सोडली की ओटीपी आणि नोटिसा बंद झालेल्या पत्त्यावर जात राहतात. परतावा ज्या बँक खात्यात हवा ते पोर्टलवर आधी पडताळून घ्या, आयएफएससी चुकला की परतावा अडकतो. २०२५-२६ च्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलै २०२६. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण ५,००० रुपये विलंब शुल्क लागतं, एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,०००. भरून झाल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करायची असते. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. पुण्यात आल्यावर नंबर बदलला असेल, तर जुलै उजाडण्याआधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या.